तारखांची वही

दिवाळी पहाटेच्या तारखा श्रावणात ठरतात. फोन येतो तेव्हा बाहेर पाऊस असतो, आवाज मस्त लागत असतो, आणि वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतच्या सगळ्या पहाटा वहीत एकाखाली एक लिहिताना सोप्या वाटतात. वसुबारसेला नाशिक, धनत्रयोदशीला संगमनेर, मध्ये एक दिवस मोकळा दिसतो तर तिथे सोलापूर, पाडव्याला सांगली. कार्यक्रम साडेपाचचा. म्हणजे साडेचारला साउंड चेक, तीनला उठणं, मग साडी-केस. आदल्या दिवशीचा प्रवास संपवून पाठ टेकायला रात्रीचे अकरा वाजलेले असतात. श्रावणातल्या त्या फोनवर मात्र यातलं काही ऐकू येत नाही. समोरची व्यक्ती प्रेमाने बोलत असते आणि आपल्यालाही गायचंच असतं.

गाणाऱ्याचं आरोग्य घशात असतं असं सगळे समजतात. भेटणारा प्रत्येक जण घशाबद्दल विचारतो, ज्येष्ठमध देतो, खडीसाखरेची पुडी हातावर ठेवतो, कंठसुधारक वटीची डबी तर प्रत्येक ग्रीन रूममध्ये असतेच. इतकी वर्षं तानपुरे घेऊन गावोगाव फिरल्यावर माझं मत असं झालं आहे, की गाणाऱ्याचं आरोग्य तारखांच्या वहीत असतं. दोन नावांच्या मध्ये किती जागा सोडली आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं. घसा बिचारा त्या वहीचा हिशेब चुकता करत राहतो.

काय करतो हा घसा, ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. मी काळी चारमध्ये गाते. त्या पट्टीतला मध्य षड्ज लावला की स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांना भिडतात. तार षड्जाला त्याच्या दुप्पट, ४१५च्या आसपास. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांबीचे हे दोन स्नायूंचे पदर. तासाभराच्या ख्यालात ते काही लाख वेळा एकमेकांवर आदळतात, आणि तरी त्यांच्यावरची ओली, लवचीक त्वचा शाबूत राहते. मला हे कळलं तेव्हा आपल्याच गळ्याबद्दल मन भरून आलं होतं. झोपेत आडवं पडल्याने या पदरांवर किंचित सूज चढते, म्हणून उठल्या उठल्या आवाज जाड आणि खाली लागतो. उभं राहून, हिंडून-फिरून, हलका खर्ज लावून तो मोकळा व्हायला मला दोन तास लागतात. पहाटे साडेपाचला अहिर भैरवचा कोमल रिषभ जसा हवा तसा लागायचा असेल, तर उठण्याची वेळ तिथूनच मागे मोजावी लागते.

आणि पाणी. प्यालेलं पाणी स्वरतंतूंना स्पर्शसुद्धा करत नाही, ते सरळ अन्ननलिकेत उतरतं. घोटाने बरं वाटतं ते घशाच्या वरच्या भागाला. स्वरतंतूंचा ओलावा रक्तातून येतो, आणि त्याला काही तास लागतात. रंगमंचावरचा कोमट पाण्याचा थर्मास हा मनाचा आधार आहे. खरं पाणी सकाळपासून, किंबहुना आदल्या दिवसापासून प्यायलेलं असावं लागतं. वाफ मात्र थेट तिथे पोचते. माझ्या बॅगेत वाफेचं छोटं यंत्र असतं, आणि लॉजवर पोचल्यावर मी आधी एसी बंद करते.

पण सकाळपासून पाणी प्यायचं म्हणजे काय, हे बाईला विचारा. पुण्याहून निघालं की जिथे थांबावं, खात्रीने जाता येईल अशी जागा कुठे आहे, हे आमच्या पिढीच्या सगळ्या गायिकांना पाठ आहे. मधल्या लांब पट्ट्यात काही नाही. पेट्रोल पंपावर दार असतं तर कडी नसते, कडी असते तर पाणी नसतं. अनेक नाट्यगृहांच्या ग्रीन रूममध्ये आरशाभोवती दिवे असतात, आणि शेजारचं स्वच्छतागृह कुलूपबंद असतं किंवा जाण्याच्या लायकीचं नसतं. मग बायका काय करतात? पाणी पीत नाहीत. सकाळी नऊला निघालेली गायिका रात्री नऊला मंचावर बसते तोवर तिने दोन पेले पाणी घेतलेलं असतं. घसा कोरडा, डोकं जड, आणि आठवड्याभराने लघवीची जळजळ, ताप, प्रतिजैविकं. हे कुणी मैफलीच्या समीक्षेत लिहीत नाही. आवाज आज जरा कोरडा वाटला, एवढंच लिहितात. पाळीच्या आधीच्या दिवसांत स्वरतंतूंवर सूज येते, वरचे स्वर जड होतात. रेशमी साडीत मांडी घालून तीन तास बसताना कंबर तुटत असते. त्याबद्दलही आमच्यात फक्त एकमेकींशी बोलायची पद्धत आहे. मी हे मुद्दाम इथे लिहिते आहे. गाण्याच्या प्रेमापोटी लाखो रुपयांचा ध्वनिवर्धक संच आणणाऱ्या मंडळाला एक स्वच्छ, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह देता येतं. ध्वनिवर्धकाने आवाज मोठा होईल, पण तो मुळात चांगला लागण्याची सोय त्या कडीपाशी आहे.

जेवणाचं दुखणं वेगळं, कारण ते प्रेमातून येतं. भरल्या पोटी गाता येत नाही. पोटावर दाब आला की दमसास आखूड होतो. म्हणून बहुतेक कलाकार गाण्यानंतर जेवतात, म्हणजे बाराच्या सुमाराला. यजमानांच्या घरी ताट मांडलेलं असतं, घरातली सगळी माणसं जागी असतात. "ताई, तुमच्यासाठी म्हणून पुरण घातलंय," असं म्हणणाऱ्या काकूंना नाही म्हणण्याची ताकद कुठून आणायची? आणि तसं जेवून अर्ध्या तासात आडवं झालं की पोटातलं आम्ल वर सरकतं, थेट स्वरयंत्रापर्यंत येतं. छातीत जळजळ होतेच असं नाही. सकाळी नुसता घोगरेपणा असतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, सारखं खाकरावंसं वाटतं; आणि खाकरण्याने स्वरतंतूंना आणखी मार बसतो. कितीतरी गायक वर्षानुवर्षं याला सर्दी समजून हळद-दूध पितात. माझी रीत आता ठरलेली आहे. संध्याकाळी पाचला भाकरी आणि मुगाची उसळ, गाण्यानंतर चार घास मऊ वरण-भात, आणि काकूंना सांगणं: "पुरणपोळी सकाळच्या डब्यात द्या, वाटेत खाईन." त्यांना ते आवडतं. सकाळी डब्यात एका माणसाच्या जागी चौघांना पुरेल एवढं असतं.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या दौऱ्यात हेच सगळं अधिक ताणलं जातं. कार्यक्रम शनिवार-रविवारी, मधले दिवस मराठी घरांतून मुक्काम, आठवड्यागणिक नवं शहर. उन्हाळ्यात न्यू जर्सीला शनिवारी संध्याकाळी सहा वाजतात तेव्हा पुण्यात रविवारच्या पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. शरीर अजून पुण्यातच असतं, ते ललितच्या प्रहरात झोपेने जड झालेलं; आणि समोरचे श्रोते पूरिया धनाश्रीची फर्माईश करतात, तीही बाहेर लख्ख ऊन असताना. शरीर नव्या वेळेशी साधारण रोज एक तास जुळवून घेतं. म्हणजे नऊ-दहा तासांच्या फरकाला आठवडा-दीड आठवडा. विमानातली हवा वाळवंटापेक्षाही कोरडी, तिची भर वेगळीच. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला कार्यक्रम ठेवणारा दौरा मी घेत नाही. मंडळाला चार-पाच दिवसांचा जास्तीचा मुक्काम परवडत नसेल तर मी मानधन कमी करून घेते. गळ्याचा तो भाव मला मान्य आहे.

गाणं संपल्यानंतर झोप का येत नाही, हे बाहेरच्यांना समजावणं अवघड आहे. भैरवी संपते, लोक भेटतात, पाया पडतात, फोटो होतात, आणि पाऊण तासात आपण ट्यूबलाइटच्या खोलीत एकटे असतो. अंगात अजून द्रुत चाललेली असते. कानात तानपुरा वाजत असतो. घरी फोन करावा तर मुलं झोपलेली. या दोन-अडीच तासांनी आमच्या क्षेत्रातली किती माणसं नेली, ते मोठ्याने बोललं जात नाही. दारू बहुतेकांच्या आयुष्यात याच वेळी शिरली, मैफलीनंतरची बैठक म्हणून, उतरण्यासाठी, झोपेसाठी. ती झोप आणतेही, पण उथळ आणि तुटक, आणि सकाळी गळा कोरडा ठाक. आमच्या गुरुजींनी यावर सांगितलेला उपाय मी अजून करते. खोलीत आल्यावर दिवा घालवून तानपुऱ्यावर, न गाता, नुसता षड्ज ऐकत बसायचं. पंधरा-वीस मिनिटांत श्वास लांब होतो. आता तानपुरा लॉजच्या खोलीत नेता आला नाही तर मी मोबाइलमधला लावते.

आपल्या संगीतात एक प्रकारच्या गोष्टी फार आवडीने सांगितल्या जातात. अंगात ताप होता, तरी गायले. वडिलांची बातमी आली, तरी नाटक पुरं केलं. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? फडावर नाचता-गाता कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही गोष्ट सांगताना लोकांच्या आवाजात अभिमान असतो. मला ती ऐकताना दर वेळी राग येतो, विठाबाईंचा नव्हे, त्या अभिमानाचा. तिकडे तंबूत तिकिटं काढून बसलेले लोक होते, फडातल्या कितीतरी जणांची चूल त्या रात्रीच्या गल्ल्यावर होती, आणि त्या बाईला आत पडून राहण्याची मुभा नव्हती. तिच्या हिमतीपुढे मी हात जोडते. पण ही गोष्ट कलानिष्ठेची म्हणून पोरींना सांगू नका.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत छातीत दुखू लागलं, म्हणून सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला, प्रार्थना केली, सुरांतच केली असं सांगतात, आणि तिथेच ते गेले. पासष्टीचे होते. मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या नावाने दर वर्षी गाणं होतं, तिथे ही हकीकत ऐकताना माणसं डोळे पुसतात. केवढं सुंदर मरण, म्हणतात. मला त्या रात्रीचा फलाट दिसतो. घरापासून हजार किलोमीटर लांब, अनोळखी भाषेचं गाव, डॉक्टर नाही, पासष्टीचं शरीर. तो स्वर किती अमोल होता हे ठाऊक आहे म्हणूनच मला वाटतं, की त्याला घरी, मिरजेत, आपल्या माणसांत थकण्याचा हक्क होता.

मग दुसऱ्या बाजूची गोष्ट आपण तेवढ्या उमाळ्याने का सांगत नाही? कुमार गंधर्वांना विशीतच क्षय झाला. १९४८च्या सुरुवातीला ते हवापालटासाठी देवासला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं, आणि बालपणापासून मैफली गाजवलेल्या त्या तरुणाने ते ऐकलं. पाच वर्षांच्या आसपास तो गप्प राहिला. पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली, स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हा नवं असलेलं औषध मिळालं, एक फुफ्फुस मात्र गेलं. त्या अंथरुणावर माळव्याची लोकगीतं कानांवर पडत होती, त्यातून पुढे काय निघालं ते सर्वांना माहीत आहे, आणि लोक तेच सांगतात. मला मात्र त्याआधीचा भाग थोर वाटतो. ज्याचा आवाज म्हणजेच ज्याचं सगळं, त्याने 'आज नाही' हे रोज, वर्षानुवर्षं म्हटलं. परत आल्यावरही जुना दमसास नव्हता, म्हणून ते छोट्या, टोकदार स्वरवाक्यांत गायले. शरीराची मर्यादा त्यांनी गाण्याच्या आत घेतली. १९९२पर्यंत गायले. ते गप्प राहिले नसते तर आपल्याला पंचवीस वर्षांचा एक मुलगा आठवला असता, फारसा आठवलाही नसता.

आता कुणी म्हणेल, रद्द करणं म्हणजे बोलायला सोपं. खरं आहे. घसा बसला असताना मी कार्यक्रम रद्द केला तर माझं एक मानधन जातं. पण तबला, पेटी, मागे तानपुऱ्यावर बसलेल्या दोन मुली, ध्वनिव्यवस्थेचा माणूस, सगळ्यांचं त्या रात्रीचं जातं. त्यांच्यासाठी ती रात्र म्हणजे महिन्याच्या घरखर्चातला मोठा तुकडा असतो. म्हणूनच तर बहुतेक गायक ताप अंगावर काढतात. प्रत्येक गावात गाण्याचे शौकीन डॉक्टर असतात, ते प्रेमाने म्हणतात, "एक इंजेक्शन देतो, रात्रीपुरतं काम भागेल." स्टेरॉइडने सूज उतरते, आवाज मोकळा लागतो, आणि आतली जखम तशीच राहते, आपण तिच्यावर तीन तास तानांचा मारा करतो. स्वरयंत्र आतून पाहून, जाणत्या तज्ज्ञाने, नाइलाजाने दिलं तर गोष्ट वेगळी. न पाहता दिलेलं मी घेत नाही. दुखण्यावर अॅस्पिरिनसुद्धा नाही, कारण त्याने रक्त पातळ होतं आणि ताणलेल्या स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटण्याची भीती वाढते. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना मी हे रागांच्या आधी सांगते. कार्यक्रम रद्द झाला तरी साथीदारांना निम्मं मानधन मिळेल, असं मी आता आयोजकांशी आधीच ठरवते. काही जण नाही म्हणतात. बरेच जण हो म्हणतात, कारण त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

साथीदारांच्या शरीराकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. पेटीवाल्यांचा डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, कंबर पिळलेली आणि मान गायकाकडे वळलेली. तीन तास, मग गाडीत सहा तास. आमच्या पेटीवाल्या काकांची मान आता एकाच बाजूला पूर्ण वळते. तबलजींच्या बोटांच्या कडा थंडीत फाटतात, शाई-पुडीवर रक्ताचे ठिपके मी पाहिले आहेत. आणि कान. मंचावरचा मॉनिटर बरोबर त्यांच्या दिशेने लावलेला असतो. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसू शकतात, पण दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. ९४ला तासच उरतो. जाहीर कार्यक्रमात ९४ गाठणं काही अवघड नाही. माझ्या साउंड चेकमध्ये पहिलं वाक्य असतं, "दादा, मॉनिटर कमी करा."

पण या सगळ्याहून मोठी भीती मला रस्त्याची वाटते. घशाला, कानाला, पोटाला काही झालं तर उपाय असतो. भक्ती बर्वे २००१च्या फेब्रुवारीत वाईहून परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघातात गेल्या. २०१२च्या डिसेंबरमध्ये त्याच रस्त्यावर आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, त्यांच्यासोबत पेंडसेंचं बाळही. ही रंगभूमीची माणसं, पण फिरण्याचं जीवन आमचंच. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचा ध्वनिवर्धक बंद केला, तेव्हा रात्रभराच्या मैफली संपल्या म्हणून आम्ही सगळे हळहळलो. १९५३पासून चाललेल्या सवाई गंधर्व महोत्सवातही पहाटेपर्यंत चालणाऱ्या रात्री गेल्या. जुन्या जाणत्यांना त्या रात्रींतले राग आठवतात, मलाही आठवतात. पण त्या वेळी कलाकार निदान उजेडात परतत असे. आता उघड्यावरचा कार्यक्रम दहाला संपतो आणि सगळे म्हणतात, रात्रीतच निघू, लॉजचा खर्च वाचेल, उद्या शिकवणी आहे. पहाटे दोन ते पाच हा माणसाच्या शरीराचा सर्वांत ढिला प्रहर. सतरा तास सलग जागलेला माणूस थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखाच चुका करतो. आणि गाडी चालवणारा तो माणूस आमचं गाणं होईपर्यंत कुठे असतो? वाहनतळात, गाडीतच, दार उघडं टाकून, डासांत. त्याला जेवणाची कूपनं मिळतात, खोली मिळत नाही.

गेल्या काही वर्षांत मी कार्यक्रमाच्या पत्रात पाच ओळी घालते. रात्री प्रवास नाही. सर्वांना मुक्काम, चालकासह. चालकाला स्वतंत्र खाट, डासांपासून बचावाची सोय, आणि जेवण आठच्या आत. दोन तारखांमध्ये एक पूर्ण दिवस. मंचाजवळ पाणी असलेलं स्वच्छतागृह. मोठ्या शहरातल्या आयोजकांशी यावर घासाघीस होते. ते म्हणतात, आजवर असं कुणी मागितलं नाही. लहान गावातली संगीत मंडळं मात्र पुष्कळदा हे फार आपुलकीने उचलतात. मागच्या महिन्यात विदर्भातल्या अशाच एका मंडळाच्या सचिवांचा फोन आला. निवृत्त शिक्षक असावेत, आवाज तसा होता. तारीख पक्की केली, मानधन ठरलं, आता फोन ठेवतील असं वाटलं तर म्हणाले, "ताई, पत्र वाचलं. आमच्याकडे लॉज नाही, तुमची सगळ्यांची सोय घरांमध्ये केली आहे. तुमच्या ड्रायव्हरचं नाव काय? त्यांना आमच्या घरी उतरवतो. खालची खोली देऊ की वरची? वरती रस्त्याचा आवाज येत नाही, त्यांना झोप लागेल."

मी नाव सांगितलं आणि म्हटलं, "वरची द्या."